ब्लूटूथ सेन्सरचं रीडिंग एकदा येतं आणि मग गोठतं: ड्युप्लिकेट फिल्टरचा माग आणि उपाय

लक्षण असं. बोर्ड चालू केला की सगळ्या ब्लूटूथ सेन्सरची रीडिंग पटापट येतात. तापमान, आर्द्रता, बॅटरी, सगळं जागच्या जागी. पाच मिनिटांनी बघितलं तरी तेच आकडे, तासाभराने बघितलं तरी तेच. बोर्ड रीस्टार्ट केला की नवे आकडे येतात आणि पुन्हा तिथेच अडकतात. लॉगमध्ये एकही एरर नसतो. सेन्सरच्या छोट्या पडद्यावर आकडा बदलताना दिसतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे. बोर्ड वाय-फायवर दिसतो, म्हणजे तोही ठीक आहे. मग मध्ये अडतंय कुठे?

माझ्याकडे हे झालं तासगावजवळ, मामांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. डिपिंगच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं जाळ्यांवर पसरली की पुढचे दोन-तीन आठवडे सगळं हवेवर असतं. कोरडी हवा खेळती राहिली तर माल चांगल्या रंगाचा उतरतो. मध्येच आभाळ भरून आलं आणि आर्द्रता चढली तर तोच माल काळा पडायला लागतो. म्हणून शेडच्या वेगवेगळ्या मजल्यांवर आणि कोपऱ्यांत मिळून नऊ सेन्सर लावले होते. मधोमध वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला एक छोटा बोर्ड. आर्द्रता ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की मामांच्या फोनवर संदेश जाणार, अशी सोय. शेडवर नेण्याआधी हा बोर्ड मी पुण्यात घरी तीन आठवडे चालवून पाहिला होता. एकदाही अडला नव्हता.

शेडमध्ये चौथ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. "अरे, फोनवर अजून अडतीस टक्केच दाखवतंय. इथं ढग भरून आलेत, जाळीवरचा माल हाताला चिकट लागतोय. मी पडदे सोडून घेतलेत. पण तुझ्या यंत्राचं काय ते बघ." मामांच्या हातानं ओळखलं म्हणून त्या दिवशी माल वाचला. यंत्राने सकाळपासून अडतीसच धरून ठेवलं होतं.

त्यानंतर आठवडाभर मी याच्या मागे होतो. सापडलं ते इतक्या जणांना पुन्हा पुन्हा गाठणारं आहे की सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

कंट्रोलर हजेरी घेतो, निरोप घेत नाही

असे सेन्सर बोर्डशी जोडणी करत नाहीत. ते ठरावीक वेळाने नुसती हाळी देतात: मी अमुक पत्त्याचा सेन्सर, माझं तापमान इतकं, आर्द्रता इतकी. ही हाळी ३७, ३८ आणि ३९ क्रमांकांच्या तीन चॅनेलवर जाते, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर. जुन्या पद्धतीच्या हाळीत डेटाला जास्तीत जास्त ३१ बाइट मिळतात. दोन हाळ्यांमधलं अंतर २० मिलिसेकंदांपासून १०.२४ सेकंदांपर्यंत ठेवता येतं. दोन सेन्सर सतत एकाच क्षणी बोलत राहू नयेत म्हणून प्रत्येक वेळी त्यात ० ते १० मिलिसेकंदांची यादृच्छिक भर पडते.

आता ऐकणारी बाजू. ब्लूटूथच्या रचनेत दोन भाग असतात. रेडिओ सांभाळणारा कंट्रोलर आणि त्याच्यावर बसलेला होस्ट, म्हणजे तुमची ऑपरेटिंग सिस्टीम, स्टॅक (ब्लूटूथचं काम बघणारं सॉफ्टवेअर) आणि प्रोग्रॅम. कंट्रोलरला हाळी ऐकू आली की तो होस्टला एक अॅडव्हर्टायझिंग रिपोर्ट पाठवतो. सेन्सर सेकंदाला एकदा हाळी देत असेल तर तासाला ३६०० रिपोर्ट, तेही एका सेन्सरचे.

हा भार खरोखरच मोठा होऊ शकतो. कंट्रोलर आणि होस्ट यांच्यामध्ये १,१५,२०० बॉडची सिरियल तार असेल तर तिच्यातून सेकंदाला साधारण ११,५२० बाइट जातात. पूर्ण ३१ बाइट डेटाचा एक रिपोर्ट सगळ्या वेष्टनासकट ४६ बाइटचा होतो. म्हणजे सेकंदाला २५० रिपोर्ट झाले की तार भरली. मोठ्या निवासी इमारतीत किंवा रेल्वे स्टेशनवर ही मर्यादा गाठणं अजिबात अवघड नाही. शिवाय होस्ट बॅटरीवर चालणारा असेल तर प्रत्येक रिपोर्टसाठी त्याला झोपेतून उठावं लागतं.

म्हणून २०१० साली ब्लूटूथ ४.० मध्ये लो एनर्जी आलं तेव्हापासून स्कॅन, म्हणजे हाळ्या ऐकत राहणं, चालू करायच्या कमांडमध्ये दोन गोष्टी सांगाव्या लागतात: स्कॅन चालू की बंद, आणि ड्युप्लिकेट फिल्टर चालू की बंद. फिल्टर चालू असेल तर एका उपकरणाचा रिपोर्ट एकदा दिल्यावर कंट्रोलर पुढचे रिपोर्ट गिळून टाकतो.

खरी गोम 'ड्युप्लिकेट' या शब्दात आहे. आपल्याला वाटतं, जसाच्या तसा तोच मजकूर पुन्हा आला तर ते ड्युप्लिकेट. जुन्या पद्धतीच्या हाळीसाठी मानकाची व्याख्या तशी नाही. स्कॅन चालू असताना त्याच पत्त्याकडून पुन्हा आलेला रिपोर्ट म्हणजे ड्युप्लिकेट. आतला डेटा बदलला तरी तो नवीन धरायचा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. शाळेत बाई हजेरी घेतात तसं हे आहे. नाव घेतलं, हजर म्हणून खूण झाली, आता त्या मुलाने पुन्हा हात वर करून काहीही सांगितलं तरी वहीत काही लिहिलं जाणार नाही. नवीन हेडफोन किंवा घड्याळ शोधून जोडायचं असतं तेव्हा हजेरी पुरते. ज्यांचा सगळा निरोपच हाळीत असतो अशा सेन्सरांसाठी ती पुरत नाही.

मग पुण्यात तीन आठवडे चाललं कसं?

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त दिवस छळलं, आणि उत्तरही यातूनच मिळालं.

फिल्टरला पाहिलेले पत्ते कुठेतरी लक्षात ठेवावे लागतात. कंट्रोलरची मेमरी थोडी असते, त्यामुळे या यादीला मर्यादा असते. ती किती, हे चिपवर आणि तिच्यातल्या फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमवर, ठरतं. झेफर या छोट्या बोर्डांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये नेहमीची सेटिंग १६ पत्त्यांची आहे. ईएसपी३२ या वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असलेल्या चिपमध्ये ती १० ते १००० यांमध्ये ठेवता येते. यादी भरल्यावर नवा पत्ता आला तर अनेक कंट्रोलर सगळ्यात जुना पत्ता काढून टाकतात आणि नव्याला जागा देतात.

पुण्यातल्या इमारतीत माझ्या बोर्डला शेजाऱ्यांचे फोन, घड्याळं, इअरबड, टीव्ही, सगळं ऐकू येत होतं. त्यातले पुष्कळ आपला पत्ता गुप्ततेसाठी बदलत राहतात. अशा बदलत्या पत्त्यांसाठी साधारण १५ मिनिटांचा कालावधी रूढ आहे. म्हणजे तोच फोन पंधरा मिनिटांनी कंट्रोलरला नवीन उपकरण वाटतो. या सततच्या नव्या पत्त्यांनी माझी यादी भरायची, माझ्या सेन्सरांचे पत्ते बाहेर ढकलले जायचे आणि त्यांची पुढची हाळी 'पहिल्यांदाच दिसली' म्हणून माझ्यापर्यंत यायची. शेजाऱ्यांच्या गर्दीमुळे माझे सेन्सर चालत होते.

शेडमध्ये नऊ सेन्सर आणि मामांचा फोन. यादी भरायचं कारणच नव्हतं. नऊ पत्ते पहिल्या काही सेकंदांत नोंदले गेले आणि बोर्ड चालू असेपर्यंत तिथेच बसून राहिले.

म्हणून 'घरी चालतं, शेतात अडतं', 'ऑफिसात चालतं, गोदामात अडतं' अशी तक्रार ऐकली की मी आता रेंज किंवा अँटेना विचारण्याआधी फिल्टरबद्दल विचारतो. उपकरण गर्दीत नीट चालावं आणि शांत जागी बिघडावं, हे उलटं वागणं या दोषाची सगळ्यात भरवशाची खूण आहे.

नेमकं कुठे गळतंय ते आधी बघा

ड्युप्लिकेट गाळण्याचं काम एकाच ठिकाणी होत नाही. कंट्रोलरमध्ये होतं, होस्टच्या स्टॅकमध्ये होतं आणि तुम्ही वापरता त्या लायब्ररीतही होतं. तिन्हींची बटणं वेगवेगळी असतात आणि नावं इतकी सारखी की एक बंद केलं की दुसरंही बंद झालं असं वाटतं. माझं तेच झालं होतं. लायब्ररीच्या कॉलबॅकला 'ड्युप्लिकेट हवेत' असं सांगितलं होतं, तो फक्त लायब्ररीच्या स्वतःच्या यादीला लागू होता. खाली कंट्रोलरचा फिल्टर तसाच चालू होता. लायब्ररी सगळं द्यायला तयार होती, पण तिच्यापर्यंतच काही पोचत नव्हतं.

तपासणीसाठी एक स्थिर पत्त्याचा पाठवणारा तयार करा. जुना एखादा बोर्ड पुरतो. त्याला सेकंदाला एक हाळी द्यायला सांगा आणि उत्पादक-डेटाच्या जागी दर सेकंदाला एकने वाढणारा आकडा ठेवा. कंपनीचा क्रमांक म्हणून हेक्समधले चार एफ वापरा, तो क्रमांक चाचण्यांसाठीच राखलेला आहे. हे काम फोनवरच्या अ‍ॅपने करू नका. फोन हाळी नव्याने सुरू करताना बहुधा पत्ताही नवा घेतो, मग कंट्रोलरला ते वेगळं उपकरण वाटतं आणि फिल्टर चालू असूनही सगळं नीट येतंय असं दिसतं. या फसव्या चाचणीत माझे दोन दिवस गेले.

आता ऐकणाऱ्या बाजूला स्कॅन न थांबवता पाच मिनिटं मोजा. लिनक्सवर हे सगळ्यात सोपं आहे, कारण बीटीमॉन हे साधन कंट्रोलर आणि होस्ट यांच्यातली सगळी देवाणघेवाण दाखवतं. दोन गोष्टी बघा. पहिली, स्कॅन चालू करण्याच्या कमांडखाली 'फिल्टर ड्युप्लिकेट्स' या ओळीसमोर 'एनेबल्ड' आहे की 'डिसेबल्ड'. दुसरी, तुमच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे रिपोर्ट मिनिटाला किती येतात. मिनिटाला पन्नासच्या वर येत असतील तर कंट्रोलर निर्दोष आहे, गळती वरच्या थरात शोधा. पूर्ण पाच मिनिटांत एकच रिपोर्ट आला तर गाळणारा कंट्रोलर आहे. एकाऐवजी दोन आले तरी दचकू नका. अॅक्टिव्ह स्कॅनमध्ये, म्हणजे ऐकणारा सेन्सरला जादा माहिती विचारतो तेव्हा, हाळीचा एक आणि त्या उत्तराचा (स्कॅन रिस्पॉन्सचा) एक असे दोन रिपोर्ट येणं स्वाभाविक आहे.

लिनक्सवर एक आडवळण आहे. ब्लूझेड या लिनक्सच्या ब्लूटूथ स्टॅकच्या नेहमीच्या डिस्कव्हरीत (उपकरणं शोधण्यात) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्कॅन मधूनमधून थांबवून पुन्हा सुरू करतो. स्कॅन थांबला की कंट्रोलरची यादी पुसली जाते, त्यामुळे तिथे आकडे कायमचे गोठत नाहीत, झटक्याझटक्याने येतात. 'दर दहा-पंधरा सेकंदांनी एकच रीडिंग येतं' अशी तक्रार बहुतेक याचीच असते. उलट एचसीआयटूल या जुन्या कमांडने स्कॅन सुरू केला तर तो फिल्टर चालू ठेवून अखंड चालतो. त्याला 'ड्युप्लिकेट्स' हा पर्याय देऊन फिल्टर बंद करावा लागतो.

आणि वरचा थर. ब्लूझेडच्या डी-बस इंटरफेसवर (प्रोग्रॅम ब्लूझेडशी बोलतात त्या मार्गावर) डिस्कव्हरी फिल्टर लावताना 'ड्युप्लिकेट डेटा' नावाची किल्ली असते. ती चालू असेल तर उत्पादक-डेटा किंवा सर्व्हिस-डेटा दर वेळी आल्यावर सूचना मिळते, बंद असेल तर मजकूर तोच असताना सूचना मिळत नाही. सिग्नलच्या ताकदीचंही असंच आहे. ती नेहमी ८ डीबीएम किंवा जास्त बदलली तरच सूचना येते. अंतर मोजण्याच्या प्रयोगात आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उडतो तो यामुळे. आयफोनवर 'अलाउ ड्युप्लिकेट्स' हा पर्याय मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी अ‍ॅप पार्श्वभूमीत गेल्यावर पाळला जात नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, पार्श्वभूमीत अखंड रीडिंग हवं असेल तर फोनऐवजी वेगळा बोर्डच ठेवावा.

एकाचं ड्युप्लिकेट ते दुसऱ्याचं नव्हे

मानक काहीही म्हणो, बाजारातले कंट्रोलर तीन-चार तऱ्हांनी वागतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'स्ट्रिक्ट ड्युप्लिकेट फिल्टर' अशी एक खूणच आहे. फक्त पत्ता बघून गाळणाऱ्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर ती लावतात. म्हणजे डेटाही बघणारे कंट्रोलर आहेत हे कर्नल लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं आहे. एका लॅपटॉपवर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो तो अशा फरकामुळे.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांना हे नीट पाहता येतं, कारण तिथे फिल्टरचा प्रकार निवडता येतो. तीन पर्याय आहेत. पहिला, फक्त पत्त्यावरून. एका पत्त्याची हाळी एकदाच. दुसरा, फक्त डेटावरून. सारखा मजकूर एकदाच, मग तो वेगवेगळ्या उपकरणांकडून आला तरी. तिसरा, पत्ता आणि डेटा दोन्ही मिळून. त्याच पत्त्याचा मजकूर बदलला की नवा रिपोर्ट मिळतो.

दुसऱ्या पर्यायापासून जपा. शीतगृहात दोन सेन्सर शेजारी असतील, दोन्ही ४.० अंश दाखवत असतील आणि हाळीत सेन्सरची स्वतःची ओळख नसेल, तर त्यातल्या एकाचं रीडिंग तुम्हाला मिळणारच नाही. आणि कोणत्या एकाचं, हे त्या क्षणी आधी कोण बोललं यावर ठरेल.

तिसरा पर्याय सेन्सरांसाठी बराच चांगला आहे, पण हाळीत काय भरलंय ते बघावं लागतं. काही सेन्सर प्रत्येक हाळीत मोजणीचा आकडा वाढवतात. मग प्रत्येक मजकूर वेगळा, फिल्टर असून नसल्यासारखा आणि यादी मात्र भराभर भरते. याच्या उलट दाराचं बटण घ्या. दाबल्यावर तेच 'दाबलं' असं चार-पाच वेळा पाठवतं, रेडिओवर एखादं हरवलं तरी चालावं म्हणून. तुम्ही दहा सेकंदांनी पुन्हा दाबलं आणि मजकूर तोच असला, तर दुसरं दाबणं फिल्टरच्या लेखी घडलंच नाही. बीटीहोम या सेन्सरांच्या हाळीसाठीच्या खुल्या रचनेत पॅकेटचा क्रमांक ठेवायची सोय आहे ती यासाठीच. एका घटनेच्या सगळ्या हाळ्यांना एक क्रमांक, पुढच्या घटनेला पुढचा. बटण किंवा दाराचा सेन्सर घेताना हा क्रमांक मिळतो का ते पाहून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

ईएसपी३२ मध्ये आणखी एक सेटिंग आहे, ठरावीक सेकंदांनी यादी आपोआप पुसण्याची. ती शून्य असेल तर स्कॅन थांबेपर्यंत यादी पुसली जात नाही. मात्र आधीच बनवलेल्या लायब्ररी वापरून काम करणाऱ्यांना ही सेटिंग बदलायची तर पूर्ण प्रोजेक्ट मूळ फ्रेमवर्कमधून बांधावा लागतो. नुसती आपल्या कोडमध्ये ओळ टाकून काही होत नाही.

मी काय केलं, आणि तुम्ही काय करावं

सेन्सर हाळीतूनच डेटा देत असतील तर माझं ठाम मत आहे: कंट्रोलरचा फिल्टर बंद करा आणि गाळणी होस्टमध्ये स्वतः लिहा. कंट्रोलरला फार तर तोच पत्ता, तोच मजकूर एवढंच कळतं. त्यात किती वेळ गेला, कोणता आकडा महत्त्वाचा, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

शेडमधली गाळणी अगदी साधी आहे. प्रत्येक पत्त्यासाठी शेवटचं मोजमाप आणि ते पुढे पाठवल्याची वेळ ठेवतो. मोजमाप बदललं तर लगेच पुढे पाठवतो. तेच असेल आणि मिनिट झालं नसेल तर सोडून देतो. तेच असेल पण मिनिट उलटलं असेल तरी पाठवतो, म्हणजे सेन्सर जिवंत आहे हे कळत राहतं. तुलना करताना मोजणीचा आकडा आणि बॅटरीचे मिलिव्होल्ट बाजूला ठेवायचे, नाहीतर प्रत्येक हाळी नवीनच वाटते.

फिल्टर बंद केल्यावर भार वाढतो, तो दोन गोष्टींनी आवरता येतो. पहिली, डेटा हाळीतच असेल तर पॅसिव्ह स्कॅन वापरा. अॅक्टिव्ह स्कॅनमध्ये तुमचा बोर्ड प्रत्येक सेन्सरला 'अजून काही सांगायचंय का' असं विचारत राहतो, सेन्सर उत्तर देतात आणि त्यांची बॅटरी उगाच खर्च होते. दुसरी, आणि जास्त परिणामकारक, म्हणजे कंट्रोलरची स्वीकृत यादी. पूर्वी तिला व्हाइट लिस्ट म्हणत, आता फिल्टर अॅक्सेप्ट लिस्ट म्हणतात. तिच्यात आपल्या सेन्सरांचे पत्ते भरले आणि स्कॅनला फक्त त्यांचंच ऐकायला सांगितलं की शेजाऱ्यांचे फोन कंट्रोलरच्या दारातच थांबतात. नऊ सेन्सर, सेकंदाला एक हाळी, म्हणजे फार तर सेकंदाला नऊ-दहा रिपोर्ट. कोणताही छोटा बोर्ड हे सहज पेलतो. सेन्सरचा पत्ता स्थिर असायला हवा एवढीच अट. यादी बदलायची असेल तर आधी स्कॅन थांबवा, चालू स्कॅनमध्ये कंट्रोलर ती बदलू देत नाही.

फिल्टर बंद करणं हातात नसेल तर स्कॅन ठरावीक वेळाने थांबवून पुन्हा सुरू करा. दर ३० किंवा ६० सेकंदांनी केलं तर तापमान-आर्द्रतेसाठी पुरतं. अँड्रॉइडवर हे फार वेळा करू नका. अँड्रॉइड ७ पासून एका अ‍ॅपने ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केला तर पुढचा स्कॅन गुपचूप रिकामा राहतो, आणि मग तुम्ही एका गोठण्यातून दुसऱ्या गोठण्यात जाता.

कंट्रोलर ब्लूटूथ ५.० चा असेल आणि एक्स्टेंडेड स्कॅनच्या कमांड पाळत असेल तर हेच काम तो स्वतः करू शकतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ड्युप्लिकेट फिल्टरला चालू आणि बंद याशिवाय तिसरी किंमत मिळाली: प्रत्येक कालावधीला यादी पुसून नव्याने सुरुवात. त्यासाठी स्कॅनची मुदत आणि कालावधी दोन्ही द्यावे लागतात. मुदत १० मिलिसेकंदांच्या पटीत मोजतात आणि कालावधी १.२८ सेकंदांच्या पटीत. दोन्हींपैकी एकही शून्य ठेवून चालत नाही. आणि जुन्या स्कॅन कमांड व नव्या स्कॅन कमांड एकत्र वापरू नका. एकदा एका पद्धतीची कमांड दिली की रीसेट होईपर्यंत कंट्रोलर दुसऱ्या पद्धतीला नकार देतो. नव्या पद्धतीने स्कॅन केला तरी जुन्या सेन्सरांच्या हाळ्या मिळतात, ती काळजी नको.

सेन्सरचं फर्मवेअर तुमच्याच हातात असेल तर एक्स्टेंडेड हाळीचा विचार करा. तिच्यात डेटाची १२ बिटांची ओळख असते. पाठवणाऱ्याने डेटा बदलला की ती ओळख बदलते, आणि ऐकणाऱ्याला हा मजकूर जुनाच की नवा हे त्यावरून ओळखता येतं. जुन्या हाळीत नेमकी हीच सोय नव्हती. पण कृपा करून फिल्टरला चकवण्यासाठी सेन्सरचा पत्ता दर मिनिटाला बदलण्याचा मार्ग घेऊ नका. रीडिंग येतील, पण कोणतं कोणाचं ते शोधत बसावं लागेल आणि आसपासच्या प्रत्येक कंट्रोलरची यादी तुम्ही विनाकारण भरत राहाल.

फिल्टर चालू असूनही तेच उपकरण पुन्हा पुन्हा येतं

ही उलटी तक्रारही तितकीच ऐकू येते, आणि तिचं मूळ वर सांगून झालंच आहे. यादी भरते, पत्ते बदलतात, स्कॅन मध्येच पुन्हा सुरू होतो, यादी पुसण्याचा कालावधी संपतो. कंट्रोलरच्या फिल्टरने 'एकदाच' अशी हमी कधी दिलेली नाही, तो फक्त गर्दी कमी करतो. ज्या कामात एक घटना खरोखर एकदाच मोजली जायला हवी, उदाहरणार्थ दार उघडण्याची नोंद, तिथे मोजणी होस्टमध्येच करा. कंट्रोलरकडून आलेल्या पत्त्यांवरून खोलीत किती माणसं आहेत हे मोजणाऱ्यांनी तर बदलत्या पत्त्यांचा हिशेब आधी लावावा.

फिल्टर बंद केला, तरी मधलं मधलं रीडिंग जातं

हा दोष वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. फिल्टरने अडवलेलं रीडिंग पूर्ण थांबतं. रेडिओने हरवलेलं अधूनमधून, कसंही जातं. चाचणीच्या वाढत्या आकड्यावरून हे लगेच कळतं: ४१, ४२, ४५, ४६, ४९ असं दिसलं तर फिल्टर नव्हे.

मग स्कॅनची खिडकी आणि मध्यांतर बघा. दोन्ही ०.६२५ मिलिसेकंदांच्या पटीत असतात आणि खिडकी मध्यांतराएवढी असेल तरच कंट्रोलर अखंड ऐकतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर असलेल्या बोर्डवर अखंड ऐकणं शक्य नसतं, वाय-फायला वेळ सोडावाच लागतो. तिथे खिडकी मध्यांतराच्या अर्ध्याच्या आसपास ठेवून सेन्सरांचा हाळीचा वेग थोडा वाढवणं मला जास्त उपयोगी पडलं. रिपोर्टची रांग भरून पॅकेट टाकली जात असतील तर ईएसपी३२ चा कंट्रोलर, तशी सेटिंग चालू असल्यास, किती टाकली तो आकडा होस्टला कळवतो. तो आकडा लॉगमध्ये घ्यायला विसरू नका.

पडद्यावरचा जुना आकडा

त्या संध्याकाळी दोष कंट्रोलरच्या फिल्टरमध्ये होता, पण तो दिवसभर लपून राहिला तो वरच्या व्यवस्थेमुळे. बोर्डकडून येणारा आकडा एमक्यूटीटी ब्रोकरवर, म्हणजे संदेश पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरवर, 'रिटेन' करून (शेवटचा संदेश जपून) ठेवलेला होता. त्यामुळे मामांनी फोनवर पान उघडलं की शेवटचा आकडा ताज्यासारखा समोर यायचा. सकाळी नऊचे अडतीस टक्के संध्याकाळी सहाला त्याच ठसठशीत अक्षरांत दिसत होते.

आता प्रत्येक सेन्सरच्या रीडिंगखाली ते किती मिनिटांपूर्वी आलं ते दिसतं. तीन मिनिटं उलटली की आकडा राखाडी होतो आणि त्याजागी 'रीडिंग जुनं आहे' असं येतं. दहा मिनिटांनी मामांना संदेश जातो, आर्द्रतेचा नाही, सेन्सर गप्प झाल्याचा. पुढच्या हंगामात शेडवर बोर्ड लावायच्या आधी तो दोन दिवस मामांच्या मळ्यातल्या खोलीत चालवणार आहे, जिथे आसपास दुसरं एकही ब्लूटूथ नाही.